चार मीटर सत्त्याऐंशी

५ ऑगस्ट २०२१ हा दिवस आपल्याकडे लोकांच्या लक्षात आहे तो हॉकीमुळे. त्या सकाळी टोकियोत आपल्या पुरुष संघानं जर्मनीला ५-४ असं हरवलं आणि ४१ वर्षांनी ऑलिम्पिक हॉकीचं पदक देशात आलं. दुपारी रवीकुमार दहियाची कुस्तीची अंतिम लढत होती. आमच्या घरातला टीव्ही सकाळपासून बंदच झाला नव्हता. कुस्ती सुरू व्हायची वाट बघता बघता मी सहज वाहिनी बदलली आणि तिथेच थांबलो. कोविडमुळे रिकाम्या ठेवलेल्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये महिलांच्या पोल व्हॉल्टची अंतिम फेरी चालू होती.

अमेरिकेच्या केटी नजॉटनं ४.९० मीटर पार करून सुवर्णपदक जिंकलं. रशियाची अँझेलिका सिदोरोवा आणि ब्रिटनची हॉली ब्रॅडशॉ या दोघींची उंची सारखीच, ४.८५ मीटर. चुकलेल्या उड्यांच्या हिशेबात सिदोरोवाला रौप्य मिळालं, हॉलीला कांस्य. पोल व्हॉल्टमध्ये ब्रिटनला ऑलिम्पिक पदक मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. हॉली तेव्हा २९ वर्षांची होती.

रात्री मी तिच्या जुन्या स्पर्धांचे आकडे काढून बसलो. वरून खाली वाचत जाताना एका ओळीवर बोट अडखळलं. जानेवारी २०१२, फ्रान्समधलं व्हिलरबान, ४.८७ मीटर. वय २० वर्षं. ज्या उंचीनं तिला ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं, तिच्यापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त उंच उडी ती नऊ वर्षांपूर्वीच मारून बसली होती. मग मधली नऊ वर्षं कुठे गेली? हा प्रश्न मनातून जाईना. त्याचं उत्तर शोधताना मी या मुलीच्या सुरुवातीच्या वर्षांपाशी येऊन पोहोचलो, आणि तिच्याबरोबर या खेळाच्याही प्रेमात पडलो.

वाकलेली काठी

पोल व्हॉल्टला आपल्याकडची जुनी माणसं बांबूउडी म्हणतात. ते नाव बरोबरच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत जगातले अव्वल उडीपटू खरोखरच बांबू वापरत. मग धातूचे पोल आले, आणि १९६०च्या दशकात फायबर ग्लासनं या खेळाचं रूपच पालटलं. बांबू जेमतेम वाकतो. फायबर ग्लासचा पोल धनुष्यासारखा वाकतो आणि वाकला तितक्याच जोरानं सरळ होतो. पोल किती लांब असावा, कशाचा असावा, यावर नियमांत काहीच मर्यादा नाही. मर्यादा असते ती तो पेलणाऱ्या शरीराची.

किमान ४० मीटर लांबीच्या धावपट्टीच्या टोकाला जमिनीत एक उतरती खोबण असते. तिला बॉक्स म्हणतात. खोली २० सेंटीमीटर, आणि पोल जिथे जाऊन अडतो तिथे रुंदी फक्त १५ सेंटीमीटर. पूर्ण वेगात धावत यायचं, शेवटच्या दोन-तीन पावलांत पोलचं टोक खाली उतरवायचं, त्याच वेळी दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि ते टोक नेमकं त्या खोबणीत घालायचं. पोल अडतो, पण शरीर थांबत नाही. एका पायावर उसळी घेऊन उडीपटू पोलला लोंबकळते, पोल वाकतो, ती पाय वर झोकून उलटी होते. पोल सरळ होऊ लागला की त्याच्याबरोबर वर फेकली जाते, हवेतच अंगाला पीळ देऊन वरच्या आडव्या पट्टीकडे तोंड करते, शेवटी पोल ढकलून देते आणि पाठीवर गादीत पडते. हे सगळं व्हायला जांभई द्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही.

यातलं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचंच आहे. समजा एखादी उडीपटू ताशी ३० किलोमीटर वेगानं धावत आली. तिच्या वेगातली सगळी ऊर्जा उंचीत बदलली, तर शरीर सुमारे साडेतीन मीटर वर जाईल. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतोच. म्हणजे झाले साडेचार मीटर. त्याच्या वरचा प्रत्येक सेंटीमीटर खांदे, पोट आणि हातांच्या ताकदीतून, आणि पोल सरळ होण्याच्या क्षणाशी साधलेल्या मेळातून कमवावा लागतो. ४.८७ या आकड्यात किती कष्ट दडलेले आहेत ते इथे कळतं.

आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण हॉलीची पुढची सगळी कहाणी तिच्यावरच उभी आहे. उडीपटूकडे एकच पोल नसतो. लांब पिशवीत चढत्या ताठपणाचे बरेच पोल असतात. प्रत्येकावर त्याची लांबी आणि तो किती वजनाच्या माणसासाठी बनवला आहे ते छापलेलं असतं. मऊ पोल घेऊन जोरात धावलं, तर तो गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि पुरेसं वर फेकत नाही. ताठ पोल घेतला आणि वेग कमी पडला, तर तो उभाच राहत नाही आणि उडीपटू उलटी धावपट्टीवर फेकली जाते. वर जायचं तर ताठ पोल हवा, ताठ पोलसाठी वेग हवा, आणि त्या वेगात खोबणीवर झेपावण्याची मनाची तयारी हवी. तिन्हींपैकी एक जरी ढिलं पडलं तरी खालच्या पोलवर परतावं लागतं.

निकालाचा तक्ताही बघण्यासारखा असतो. लहानपणी वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळायचो, तसाच तो दिसतो. उंची पार झाली की गोळा. चुकली की फुली. ती उंची सोडून थेट पुढच्या उंचीला भिडायचं ठरवलं तर आडवी रेघ. लागोपाठ तीन फुल्या पडल्या की स्पर्धा संपते. त्यामुळे बहुतेक सगळ्याच जणींची ओळ तीन फुल्यांवर संपते आणि सुवर्णपदक जिंकणारीही त्यातून क्वचितच सुटते. पहिली येणारीसुद्धा शेवटी पट्टी पाडूनच मैदानाबाहेर जाते, असे खेळ फार थोडे आहेत.

लँकेशायरची मुलगी

हॉली ब्लीसडेलचा जन्म २ नोव्हेंबर १९९१ रोजी इंग्लंडच्या वायव्येकडच्या लँकेशायर परगण्यात, प्रेस्टन इथे झाला. ती चोर्लीजवळच्या युक्सटन गावची. २०१४ मध्ये लग्न झाल्यावर ती हॉली ब्रॅडशॉ झाली. तिचा क्लब होता ब्लॅकबर्न हॅरिअर्स, म्हणजे सूतगिरण्यांसाठी एकेकाळी जगभर नावाजलेल्या ब्लॅकबर्न शहरातला.

या भागाचं आणि बांबूउडीचं नातं जुनं आहे. मोरकॅम्ब उपसागराच्या पलीकडे अल्व्हरस्टन नावाचं छोटं बाजारगाव आहे. आज ते कम्ब्रियात मोडतं, पण १९७४ पर्यंत लँकेशायरमध्येच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातले उत्तमोत्तम पोल व्हॉल्टर या गावातून येत. त्यांची तऱ्हा न्यारी होती. लाकडाचा जाडजूड, जड पोल, त्याच्या बुडाला लोखंडी तिवईसारखे अणकुचीदार पाय. तो जमिनीत रोवून उडी घ्यायची आणि पोल उभा असेपर्यंत त्याच्यावर एकावर एक हात टाकत माकडासारखं वर चढून जायचं. याच गावच्या टॉम रेनं १८८७ मध्ये अमेरिकेत जाऊन तिथलं अजिंक्यपद पटकावलं. पुढे पोलवर चढण्याला नियमानं बंदी आली. आज उसळी घेतल्यानंतर खालचा हात वरच्या हाताच्या वर नेता येत नाही. बंदी आली आणि अल्व्हरस्टनचं वैभवही संपलं. त्यानंतर शंभर वर्षं ब्रिटनला या खेळात सांगण्यासारखं फार थोडं होतं.

बायकांसाठी तर हा खेळ खुलाच नव्हता. हॉली जन्मली तेव्हा महिलांच्या पोल व्हॉल्टमध्ये अधिकृत जागतिक विक्रम नावाची गोष्टच नव्हती. चीनच्या सन काइयुनच्या ४.०५ मीटर उडीला १९९२ मध्ये मान्यता मिळाली, तो पहिला. ऑलिम्पिकमध्ये महिलांनी पहिल्यांदा पोल हातात घेतला तो २००० साली सिडनीत. तिथे अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिलानं ४.६० मीटरवर सुवर्ण जिंकलं, तेव्हा हॉली आठ वर्षांची होती. पुढे रशियाच्या येलेना इसिनबायेवानं या खेळाला उंची दिली आणि प्रसिद्धीही. २२ जुलै २००५ रोजी पाच मीटर पार करणारी ती पहिली बाई ठरली, आणि ते घडलं लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर. त्याच्या सोळा दिवस आधीच २०१२चं ऑलिम्पिक लंडनला मिळाल्याचं जाहीर झालं होतं. हॉली तेव्हा तेरा वर्षांची होती.

तिनं किशोरवयात, तसं उशिराच, पोल हातात घेतला. या खेळाच्या दृष्टीनं ती अगदी योग्य वेळी आली होती. आधीच्या पिढीतल्या मुलींना दारच बंद होतं. हिच्यासमोर ते उघडं होतं, आणि आतल्या भिंतींवर फार नावं कोरलेली नव्हती.

अठरा महिने

जुलै २०१० मध्ये कॅनडातल्या मंक्टन शहरात जागतिक ज्युनियर स्पर्धा झाली. अठरा वर्षांच्या हॉलीनं ४.१५ मीटरवर कांस्यपदक मिळवलं. सुवर्ण स्वीडनच्या अँजेलिका बेंगट्सनला मिळालं, ४.२५ मीटरवर. त्या दिवशी तक्ता बघणाऱ्या कुणालाही हे एका होतकरू मुलीचं चांगलं पदक वाटलं असतं, त्यापलीकडे काही नाही. चार मीटर आणि वर एक वीत, अशा उड्या तेव्हा जगात अनेक मुली मारत होत्या.

बरोबर एक वर्षानं, जुलै २०११ मध्ये, जर्मनीतल्या मॅनहाइमला तिनं ४.७० मीटर पार केले. हा ब्रिटनचा राष्ट्रीय विक्रम होता. ज्युनियर गटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या १९ वर्षांच्या मुलीनं देशातल्या सगळ्या मोठ्या खेळाडूंना एका फटक्यात मागे टाकलं. त्यानंतर दोनच आठवड्यांनी चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्राव्हाला २३ वर्षांखालील युरोपीय स्पर्धेत तिनं ४.५५ मीटरवर सुवर्ण जिंकलं. प्रशिक्षक होते ज्युलियन राफाली.

याच वर्षी तिला पहिला धक्काही बसला. ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातल्या डेगूला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती आणि तिथे ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचू शकली नाही. मला ही ओळ महत्त्वाची वाटते. पात्रता फेरीचं वातावरण वेगळं असतं. सकाळची वेळ, एकाच वेळी दोन धावपट्ट्यांवर चाललेल्या उड्या, दोन प्रयत्नांमधली लांबलचक वाट पाहणी, त्यात थंड पडत जाणारं अंग. आपला पुकारा झाला की हातात फक्त एक मिनिट असतं. उंच उडणं ही एक विद्या आहे, आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटात उडणं ही दुसरी. पहिली विद्या हॉलीला विलक्षण वेगानं येत होती. दुसरी यायला वर्षं लागतात, तिला घाई करता येत नाही.

व्हिलरबान

व्हिलरबान हे फ्रान्समधल्या लिऑन शहराला खेटून असलेलं गाव. जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या इनडोअर स्पर्धेत हॉलीनं ४.८७ मीटर पार केले. छताखालच्या स्पर्धांच्या इतिहासात त्याहून उंच उडी तोपर्यंत फक्त इसिनबायेवाच्या नावावर होती. मंक्टनमधल्या पदकाच्या उंचीपासून मोजलं, तर अठरा महिन्यांत ७२ सेंटीमीटर.

हे कसं शक्य झालं? शिकणाऱ्याच्या सुरुवातीच्या काळात सगळ्याच गोष्टी एकदम सुधारत असतात. वेग वाढतो, म्हणून ताठ पोल पेलतो. ताठ पोल पेलतो, म्हणून हात आणखी वर धरता येतो. हात वर गेला की उंची वाढते, आणि उंची वाढली की धीर वाढतो, त्यातून पुन्हा वेग. हे चक्र एकदा फिरायला लागलं की वर्षा-दीड वर्षात माणूस कुठल्या कुठे जातो. हॉलीच्या अंगात वेग होता, ताकद होती, आणि वेगात येऊन खोबणीवर झेपावण्याची भीती तिला रोखत नव्हती. छताखाली वारा नसतो, प्रत्येक धाव आधीच्या धावेसारखी होऊ शकते. सगळं जुळून आलं.

मार्चमध्ये इस्तंबूलच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत तिनं ४.७० मीटरवर कांस्यपदक मिळवलं. विसाव्या वर्षी ज्येष्ठ गटातलं जागतिक पदक! तिथे इसिनबायेवा पहिली होती. म्हणजे जिनं तेरा वर्षांच्या हॉलीच्या देशात येऊन पाच मीटर ओलांडले होते, तिच्याचबरोबर आता हॉली पदकांच्या मंचावर उभी राहिली.

आणि समोर पाच महिन्यांवर लंडन होतं.

४२ सेंटीमीटर

६ ऑगस्ट २०१२. लंडनचं ऑलिम्पिक स्टेडियम, ऐंशी हजार प्रेक्षकांची सोय असलेलं, आणि घरच्या खेळाडूचं नाव पुकारलं की त्या प्रत्येकाच्या घशातून निघणारा आवाज. महिलांच्या पोल व्हॉल्टची अंतिम फेरी अमेरिकेच्या जेन सूरनं जिंकली, ४.७५ मीटरवर. क्यूबाच्या यारिस्ले सिल्वाचीही तीच उंची, तिला रौप्य. इसिनबायेवाला ४.७० मीटरवर कांस्य. हॉली ४.४५ मीटरवर थांबली, सहावी आली.

कागदावर हे आकडे शेजारी शेजारी मांडले की काळजात कळ येते. सुवर्णपदकाची उंची तिच्या जानेवारीतल्या उडीपेक्षा १२ सेंटीमीटरनं कमी होती, आणि तिची स्वतःची त्या संध्याकाळची उंची ४२ सेंटीमीटरनं. फळ्यावरचं गणित म्हणतं की ती जिंकायला हवी होती. पण मैदानावर फळ्यावरचं गणित चालत नाही. छताखालची हवा वेगळी, उघड्या मैदानातला वारा वेगळा. हिवाळ्यातलं शरीर वेगळं, लांबलेल्या मोसमाच्या अखेरचं वेगळं. आणि सगळ्यात मोठा फरक असा की जानेवारीत तिच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती. ऑगस्टमध्ये सगळा देश तो एकच आकडा तोंडपाठ करून बसला होता.

वयाच्या विसाव्या वर्षी, पहिल्याच ऑलिम्पिकमध्ये, जगातली सहावी. व्हिलरबान झालंच नसतं, तर याच निकालाचं कौतुक झालं असतं. लवकर आलेलं मोठं यश पुढच्या चांगल्या कामगिरीलाही अपयशाचा रंग देऊन जातं. मला हॉलीच्या कहाणीतली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच वाटते. ४.८७ ही तिनं कष्टानं मिळवलेली उंची होती. बघता बघता ती तिच्या नावावरचं कर्ज बनली, आणि प्रत्येक स्पर्धेत त्याचा हप्ता मागितला जाऊ लागला.

तरी ती पुन्हा उभी राहिली. मार्च २०१३ मध्ये स्वीडनमधल्या गोथनबर्गला युरोपीय इनडोअर स्पर्धेत ती आणि पोलंडची अनुभवी अॅना रोगोव्स्का दोघीही ४.६७ मीटरवर थांबल्या. अशा वेळी आधी शेवटी पार केलेल्या उंचीवरच्या फुल्या मोजतात, मग एकूण फुल्या. त्यांतही बरोबरी झाली आणि प्रश्न पहिल्या क्रमांकाचा असला, तर जंप-ऑफ होतो. एकेक प्रयत्न, चुकलात तर पट्टी खाली येते, पार केलीत तर वर जाते, आणि एक चुकली नि दुसरी पार झाली की निकाल. थकलेल्या पायांनी आणि सोललेल्या तळहातांनी खेळायचा हा डाव हॉलीनं जिंकला. लंडननंतर सातच महिन्यांनी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटात उडायची ती दुसरी विद्या तिच्या हाती येऊ लागली होती.

तीन सेंटीमीटर

यानंतर आलेल्या वर्षांनी मला सर्वात जास्त शिकवलं. दुखापतींनी तिचे मोसम तुकड्यातुकड्यांचे झाले. पोल व्हॉल्टमध्ये प्रत्येक उसळीचा सगळा भार एकाच पायावर येतो आणि पोल अडतो तेव्हाचा हिसका खांद्यांतून पाठीत उतरतो. दुखापतीतून परत येताना उडीपटू जिथे होती तिथून सुरुवात करू शकत नाही. तिला आखूड धाव घ्यावी लागते, मऊ पोल घ्यावे लागतात. सरावात खऱ्या पट्टीच्या जागी लवचीक दोरी ताणलेली असते. ती दोरी, विसाव्या वर्षी जिथून ती सहज निघून गेली होती, त्याच्या खूप खाली बांधावी लागते. ४.८७ मीटर उडालेल्या बाईनं चार मीटरच्या दोरीखाली उभं राहून पुन्हा पहिल्यापासून पावलं मोजायची. हे एकदा करायचं तरी पुष्कळ मनोधैर्य लागतं. तिनं ते पुन्हा पुन्हा केलं.

प्रशिक्षक बदलले. पुढची बरीच वर्षं तिनं स्कॉट सिम्पसन यांच्याकडे काढली. उंचीचा आलेख तुटत होता, पण दुसरा एक आलेख संथपणे वर चढत होता. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ४.७० मीटर आणि पाचवी. २०१७ मध्ये उघड्या मैदानावरचा नवा ब्रिटिश विक्रम, ४.८१. २०१८ मध्ये बर्लिनला युरोपीय स्पर्धेत ४.७५ मीटरवर कांस्य. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत ४.८० मीटर आणि चौथी. एकेका मोठ्या स्पर्धेत ती आपल्या सर्वोच्च उंचीच्या जवळ जवळ येत होती. लंडनमधलं ४२ सेंटीमीटरचं अंतर दोहापर्यंत सात सेंटीमीटरवर आलं होतं. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ही प्रगती दिसत नाही, कारण तिथे फक्त विक्रम दिसतात.

२६ जून २०२१. मँचेस्टर, ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा. हॉलीच्या गावापासून फार लांब नसलेल्या या शहरात तिनं ४.९० मीटर पार केले. नऊ वर्षं आणि पाच महिन्यांनी तिनं विसाव्या वर्षाच्या स्वतःला तीन सेंटीमीटरनं मागे टाकलं. आधी अठरा महिन्यांत ७२ सेंटीमीटर, मग नऊ वर्षांत तीन. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत टोकियोचं कांस्यपदक आलं. म्हणून मला आता वाटतं की मधली वर्षं कुठेच गेली नव्हती. पहिल्या ७२ सेंटीमीटरांमध्ये शरीर शिकलं आणि शेवटच्या तीनमध्ये माणूस. पदक मिळालं ते दोन्ही एकत्र आल्यावर.

या काळात तिनं आणखी एक काम केलं, ज्याबद्दल मला तिच्या पदकाइतकाच आदर आहे. ऑलिम्पिक संपल्यानंतर अनेक खेळाडूंना खोल उदासी घेरते. चार वर्षं ज्या एका दिवसासाठी जगलो तो दिवस सरला, आता पुढे काय, हा प्रश्न पदक मिळालेल्यांनाही सोडत नाही. मानसशास्त्राकडे वळलेल्या हॉलीनं या विषयाचा अभ्यास केला. ऑलिम्पिकपटूंच्या अनुभवांवर आधारलेल्या आणि त्यांना अशा वेळी वाऱ्यावर सोडू नये असं सांगणाऱ्या संशोधन-लेखाच्या लेखकांत तिचं नाव आहे. स्वतः सोसलेल्या गोष्टीचं तिनं पुढच्यांसाठी ज्ञान करून ठेवलं.

पुढची मुलगी

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या युजीनला जागतिक स्पर्धेच्या वेळी सराव उडी घेताना हॉलीचा पोल तुटला आणि मांडीला दुखापत झाली. २०२४ मध्ये तिनं निवृत्ती घेतली. तोवर पुढची मुलगी धावपट्टीवर येऊन उभी राहिली होती.

मॉली कॉडरी, कॉर्नवॉल परगण्यातल्या ट्रुरोची, जन्म २००० सालचा. म्हणजे ज्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये महिलांचा पोल व्हॉल्ट आला, त्याच वर्षीचा. वडील स्टुअर्ट यांच्याकडून ती शिकली, आणि पुढे तिलाही स्कॉट सिम्पसन यांचंच मार्गदर्शन मिळालं. २०२१च्या अखेरीस वजनं उचलताना तिच्या हाताचं बोट जबर चिरडलं. पोल व्हॉल्टरसाठी बोट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ती परत आली, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रान्समधल्या रूआँला तिनं छताखाली ४.८६ मीटर पार केले. बारा वर्षांपूर्वी हॉलीनं त्याच देशात, छताखालीच मारलेल्या उडीपेक्षा एकच सेंटीमीटर कमी. मार्चमध्ये ग्लासगोला ती जागतिक इनडोअर विजेती झाली आणि २२ जूनला तुलूझमध्ये ४.९२ मीटर उडून तिनं हॉलीचा ब्रिटिश विक्रम मोडला.

त्यानंतर दीड महिन्यात पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता फेरी झाली. पदकाच्या दावेदारांत गणली गेलेली मॉली ४.५५ मीटरवर उतरली. तीन प्रयत्न, तीन फुल्या. तिच्या ओळीत एकही गोळा उमटला नाही.

ही बातमी वाचली तेव्हा मी पुन्हा ते जुने तक्ते काढले. डेगू २०११, लंडन २०१२. त्याच फुल्या, तीच जीवघेणी आकडेमोड. फरक एवढाच, की हॉली विशीत असताना या वाटेनं आधी गेलेलं ब्रिटनमध्ये कुणीच नव्हतं. लंडनच्या त्या रात्री तिला कुणी सांगू शकलं नसतं, की बाळ, ही तुझी शेवटची ओळ नाही. मॉलीला तसं सांगायची गरज नाही. तिच्या आधीच्या मुलीचे आकडे तिच्यासमोर क्रमानं लिहिलेले आहेत: ४.१५, ४.७०, ४.८७, ४.४५, ४.६७, ४.७०, ४.८१, ४.७५, ४.८०, ४.९०, ४.८५. यातला कुठलाही एक आकडा उचलून हॉली ब्रॅडशॉ कोण होती हे सांगता येत नाही. सगळी ओळ वाचावी लागते, फुल्यांसकट.